रशियन शेजाऱ्यांची घरं, उंबरठा आणि दोमोवोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ब्रुकलिनच्या पार दक्षिण टोकाला राहतो, ब्राइटन बीचपासून चालत दहा मिनिटं. सहा मजली विटांची जुनी बिल्डिंग, निम्म्याहून जास्त घरांत रशियन बोलतात. न्यू जर्सीहून कोणी आपली माणसं राहायला आली की दोन दिवसांत काहीतरी गोंधळ होतोच, म्हणजे कोणी दारातूनच डबा पुढे करतं, कोणी लिफ्टमध्ये शीळ घालतं, आणि समोरची बाई असं काही बघते की जणू तिची पर्स मारली. मग सगळे मला विचारतात आणि मी तेच तेच सांगते. आता एकदाच लिहून टाकते. मी काही अभ्यासक वगैरे नाही, शेजारीण आहे, त्यामुळे बरंचसं शेजारच्या आजींकडून कळलेलं, थोडं वाचलेलं.

ब्राइटन बीचचे सगळे लोक रशियन आहेत का?

नाही, आणि हे आधी कळलेलं बरं. रशियन बोलणारे म्हणा. १९७० च्या दशकात सोव्हिएत युनियनमधून ज्यू लोकांना बाहेर पडायला मिळायला लागलं, त्यातले खूप जण ओदेस्साचे, म्हणजे आजच्या युक्रेनमधले, म्हणून तर या भागाला लिटल ओदेस्सा म्हणतात. १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन फुटल्यावर अजून मोठी लाट आली. आता उझबेकिस्तान, जॉर्जिया इकडचे पण भरपूर, डोक्यावरून ट्रेन धडधडत जाते आणि खाली दुकानात समोसासारखं साम्सा मिळतं. २०२२ च्या युद्धानंतर तर "तुम्ही रशियन ना" असं तोंडावर विचारूच नका. आमच्या आजी ओदेस्साच्या, जन्मभर रशियनच बोलल्या, पण रशियन म्हटलेलं त्यांना आता चालत नाही. घरातल्या चालीरीती मात्र या सगळ्यांच्या बऱ्याचशा सारख्या, म्हणून खाली मी सोयीसाठी "रशियन" लिहिलंय, आजींना सांगू नका.

या चालीरीतींना ते काय म्हणतात?

प्रिमेता. म्हणजे खूण, शकुन. अनेकवचन प्रिमेती. आपण "असं करू नये" म्हणतो ना, आणि का नाही विचारलं तर "नाही करत" एवढंच उत्तर, सेम तेच. सोव्हिएत काळात चर्च बंद केली, सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं बंद केली, शाळेत देव नाही म्हणून शिकवलं, पण प्रिमेतांना ना पुजारी लागतो ना पोथी, एक आजी आणि एक स्वयंपाकघर असलं की झालं. त्या कोण बंद करणार?

दारातून काही देऊ-घेऊ का नाही द्यायचं?

हा नंबर एकचा नियम. चेरेझ पोरोग न्येल्झ्या, म्हणजे उंबरठ्यावरून नाही. हात मिळवायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, निरोप घ्यायचा नाही, डबा तर नाहीच. मला हे पहिल्याच दिवाळीला कळलं. शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आजींच्या दारात उभी, हात पुढे केलेला, त्यांनी डबा घेतलाच नाही, माझं मनगट धरलं आणि मला चपलेसकट आत ओढलं, दार लावलं, मग डबा घेतला आणि मग एकदम गोड हसल्या. मला वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलंय!

कारण विचाराल तर जुनी समजूत अशी की उंबरठा म्हणजे घर आणि बाहेर यांच्यामधली हद्द, तिथे घर राखणारा राहतो, हद्दीवरून व्यवहार केला की भांडण होतं. आपल्याकडेही उंबरठ्यावर बसू नये, उंबरठ्यावर शिंकू नये वगैरे आहेच, त्यामुळे आपल्याला हे पटायला जड जाऊ नये. गंमत म्हणजे अमेरिकन अपार्टमेंटला धड उंबरठा नसतोच, फरशीत एक पत्र्याची पट्टी असते. पण नियम त्या पट्टीला लागू. पिझ्झावाला आला तरी आजी त्याला एक पाऊल आत घेतात आणि तो बिचारा घाबरतो.

दोमोवोय म्हणजे भूत का?

भूत नाही हो. दोम म्हणजे घर, दोमोवोय म्हणजे घरातला. घराचा राखणदार म्हणा. कोकणातल्या माणसाला मी राखणदार म्हटलं की लगेच कळतं, फक्त तो कोकणातला गावाच्या वेशीवर आणि हा घराच्या आत. छोटा म्हातारा, दाढीवाला, अंगावर केस, जुन्या खेड्यातल्या घरात मोठ्या मातीच्या भट्टीमागे नाहीतर उंबरठ्याखाली राहायचा. त्याचं नाव घेत नाहीत, देदुश्का म्हणजे आजोबा म्हणतात, नाहीतर खझ्याइन म्हणजे मालक. घरात नीट राहिलात तर गुरंढोरं, पोरंबाळं सांभाळतो. घाण ठेवली, भांडणं केली की रात्री भांडी आपटतो, वस्तू लपवतो, छातीवर बसतो. छातीवर बसला तर घाबरायचं नाही, विचारायचं, क खूदू इली क दोब्रू, वाईटासाठी आलास की चांगल्यासाठी. हात उबदार केसाळ लागला तर चांगलं, गार लागला तर वाईट. डॉक्टर याला झोपेतला लकवा म्हणतात, पण त्यांच्याकडे विचारायला असा प्रश्न तरी कुठे आहे.

त्याला खाऊ लागतो. दूध, मीठ लावलेला पाव, गोड काहीतरी. जुन्या कॅलेंडरप्रमाणे २८ जानेवारीला, म्हणजे आताच्या १० फेब्रुवारीला, त्याच्यासाठी भट्टीजवळ लापशी ठेवायची पद्धत होती.

पण फ्लॅटमध्ये भट्टी कुठे आहे? मग तो राहतो कुठे?

मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्रश्न. आजींच्या मते फ्रीजच्या मागे, कारण तिथे गरम असतं आणि घरघर आवाज येतो. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई म्हणतात रेडिएटरखाली. एकीने सांगितलं गॅसच्या वरच्या कपाटात. म्हणजे ऊब आणि खाणं या दोन गोष्टी सोडून तो कुठे जात नाही, भट्टी गेली तर गेली. आजींच्या फ्रीजमागे मी खरंच बशी बघितलीये, त्यात चॉकलेटचं एक कॅंडी, चांदीच्या कागदासकट. मी म्हटलं कागद काढून तरी ठेवा, तर म्हणाल्या त्याला वेळ भरपूर आहे.

वस्तू हरवली की खुर्चीला रुमाल का बांधतात?

दोमोवोयने खेळायला नेली असं धरायचं. खुर्चीच्या किंवा टेबलाच्या पायाला रुमाल बांधायचा आणि म्हणायचं, पोइग्राय इ ओत्दाय, खेळ आणि परत दे. माझी टपालपेटीची किल्ली हरवली होती, तीन दिवस शोधत होते, आजी आल्या, माझ्याच ओढणीने डायनिंगच्या खुर्चीचा पाय करकचून बांधला आणि चहा पीत बसल्या. किल्ली त्याच संध्याकाळी मिळाली, फ्रीजमध्ये कढीपत्त्याच्या पिशवीत, भाजी आणली तेव्हा मीच टाकली असणार. आता रात्री भाजीला फोडणी घालायची म्हटल्यावर ती पिशवी मी उघडणारच होते हो. पण आजींना हे सांगण्यात काही अर्थ नाही, फ्रीज म्हटल्यावर तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता तरी कळलं का.

घर बदलताना दोमोवोयला खरंच सोबत नेतात?

हो! नाही नेलं तर तो रिकाम्या घरात रडत बसतो म्हणे आणि नव्या घरी तुमचं काही धड होत नाही. १९व्या शतकात अफानास्येव नावाच्या माणसाने रशियन लोककथा, समजुती प्रचंड गोळा केल्या, त्याने हा विधी लिहून ठेवलाय. घरातली सगळ्यात म्हातारी बाई जुन्या घरात शेवटची भट्टी पेटवते, दुपारी निखारे मडक्यात काढते, पांढऱ्या कापडाने झाकते, आजोबा चला नव्या घरी म्हणून आमंत्रण देते, आणि तिकडे नव्या घराच्या फाटकात घरची माणसं पाव आणि मीठ घेऊन उभी असतात. ते निखारे मग नव्या भट्टीत.

ज्यांना निखारे जमत नव्हते ते जुना जोडा वापरायचे, आणि शहरात आता तेच उरलंय. जोड्याला दोरी बांधायची आणि म्हणायचं, ही घे तुझी घसरगाडी, चल आमच्याबरोबर. काही जण जुना झाडू नेतात, तो त्यातच बसून येतो.

आम्ही याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरून पाचव्यावर गेलो तेव्हा आजी हजर. म्हटलं आजी आम्ही भाड्याने राहतो, आमचा कुठला दोमोवोय. त्या म्हणाल्या तो माणसांचा असतो, ॲग्रीमेंटचा नसतो. माझ्या नवऱ्याची एक फाटकी स्लीपर घेतली, त्याला सुतळी नव्हती म्हणून माझ्या फोनची चार्जरची वायर बांधली (माझी एकुलती एक), किचनच्या फरशीवर ठेवली, बाजूला पावाचा तुकडा, सगळ्यांना दोन मिनिटं गप्प उभं केलं आणि मग ती स्लीपर वायरने ओढत ओढत पॅसेजमधून लिफ्टपर्यंत. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचा एक मुलगा चढला, विशीतला, कानात इयरफोन, त्याने खाली स्लीपरकडे बघितलं आणि काही न बोलता बाजूला सरकून जागा करून दिली. मला त्या क्षणी कळलं की हे फक्त आजींचं वेड नाही. वर पोचल्यावर स्लीपर अर्थात फ्रीजच्या मागे. नवरा अजून विचारतो काढू का, मी म्हणते राहू दे.

नव्या घरात आधी मांजर का सोडतात?

नोवोसेल्ये म्हणजे नवीन घराची पार्टी, आपली वास्तुशांत म्हणा पण भटजींशिवाय. त्याच्या आधी मांजर पहिलं आत जातं. नव्या घरात पहिला शिरणारा पहिला मरतो अशी एक जुनी भीती होती, म्हणून स्वतःऐवजी मांजर, थोडक्यात त्याच्यावर ढकलायचं. आता लोक एवढं काळं कारण सांगत नाहीत, म्हणतात मांजर आणि दोमोवोय मित्र, ते जिथे बसेल तिथे पलंग टाका. हे इतकं पक्कं आहे की २०१४ मध्ये रशियातल्या स्बेरबँकेने गृहकर्ज घेणाऱ्यांना गृहप्रवेशापुरतं मांजर पाठवायची जाहिरात-योजना काढली होती, दोन तासांसाठी, परत न्यायला माणूस यायचा. इकडे ज्यांच्याकडे मांजर नाही ते शेजाऱ्यांचं उसनं आणतात. आमच्या मजल्यावरचा एक जाडा करडा बोका या बिल्डिंगमधल्या किती घरांत पहिला गेलाय कोणास ठाऊक, अजून ठणठणीत आहे.

पाव आणि मीठ कशासाठी?

खलेब-सोल. स्वागत. लग्न, नवीन घर, मोठा पाहुणा. नक्षीच्या कापडावर गोल पाव, वर मिठाची छोटी वाटी, पाहुण्याने तुकडा मोडायचा, मिठात बुडवायचा आणि खायचा. चुकून पूर्ण पाव घेऊन बॅगेत टाकू नका, आमच्या एका पाहुण्याने टाकलाय. मीठ सांडलं तर भांडण, मग चिमूटभर डाव्या खांद्यावरून मागे.

प्रवासाला निघताना सगळे अचानक बसतात ते काय?

प्रिसेस्त ना दोरोझ्कू, वाटेसाठी बसणं. बॅगा दारात, टॅक्सी खाली हॉर्न मारतेय, कोट घातलेत, आणि तेवढ्यात घरातलं मोठं माणूस म्हणतं बसा. सगळे बसतात, जे निघालेत ते आणि जे राहणारेत ते पण. खुर्ची नाही तर सुटकेसवर. मिनिटभर कोणी बोलत नाही. मग ते मोठं माणूस उठतं, स बोगोम म्हणतं, देवाबरोबर जा, आणि निघायचं. समजूत अशी की घरातल्यांना, म्हणजे न दिसणाऱ्यांना, वाटावं हे कुठे जात नाहीयेत, नाहीतर ते मागे खेचतात नाहीतर मागोमाग येतात. व्यवहारी लोक सांगतात पासपोर्ट राहिला का ते त्या मिनिटात आठवतं, आणि ते खरं आहे, मला एकदा गॅस आठवलाय.

मला ही एक रीत मनापासून आवडते. आपल्याकडे हातावर दहीसाखर आणि "जातो नाही, येतो म्हण", ते गोडच, पण ते सगळं घाईघाईत उभ्याउभ्या. इथे एक मिनिट सक्तीने बसवतात. मी भारतात जाताना आता बसते, आणि आई व्हिडीओ कॉलवर असते तर तिलाही बसवते, ती म्हणते हे काय नवीन.

त्यानंतर एक लक्षात ठेवा, माणूस पोचल्याचा फोन येईपर्यंत घर झाडायचं नाही. त्याची वाट झाडून टाकल्यासारखं होतं.

निघाल्यावर काही विसरलं म्हणून परत आलं तर?

आरशात बघायचं. काही जण स्वतःलाच जीभ काढून दाखवतात. मग जा.

शीळ, झाडू, बाटल्या, कचरा यांचं पण काही असतं ना?

भरपूर. घरात शीळ नाही, पैसा उडून जातो. झाडू उभा ठेवायचा तर काड्या वर, दांडा खाली. रिकामी बाटली टेबलावर ठेवायची नाही, लगेच जमिनीवर. याची एक गोष्ट सांगतात की १८१४ मध्ये रशियन सैन्य पॅरिसला होतं तेव्हा वेटर टेबलावरच्या रिकाम्या बाटल्या मोजून बिल करायचा म्हणून सैनिक खाली लपवायला लागले, गोष्ट छान आहे, खरी असेलच असं नाही. अंधार पडल्यावर कचरा बाहेर नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर लग्नाच्या मुलीने बसायचं नाही, सात वर्षं लग्न होत नाही. सुरी पडली तर पुरुष पाहुणा, काटा नाहीतर चमचा पडला तर बाई. नजर लागू नये म्हणून त्फू त्फू त्फू, डाव्या खांद्यावरून तीनदा, खोटं खोटं थुंकायचं, आणि लाकडावर टकटक. आपली आजी दृष्ट काढायची तेव्हा थू थू करायचीच.

घरात देव्हारा असतो का?

ख्रिश्चन ऑर्थोडॉक्स घरात क्रास्नी ऊगल असतो. शब्दशः लाल कोपरा, पण क्रास्नी या शब्दाचा जुना अर्थ सुंदर. जुन्या घरात भट्टीच्या तिरक्या समोरचा कोपरा, तिथे आयकॉन म्हणजे येशू, मेरी, संतांची चित्रं, वर नक्षीचा टॉवेल, समोर दिवा. फ्लॅटमध्ये तो कोपरा टीव्हीच्या वर नाहीतर पुस्तकांच्या कपाटात येतो. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी घर घासूनपुसून काढतात, आणि जुनी पद्धत अशी की त्या संध्याकाळची चर्चमधली मेणबत्ती विझू न देता घरी आणायची आणि दाराच्या चौकटीवर तिच्या काजळीने क्रॉस काढायचा. इथे स्मोक अलार्म आणि घरमालक दोघांमुळे हे कमीच दिसतं.

ब्राइटनला बरीच घरं ज्यू, त्यांच्या दाराच्या चौकटीला आत शिरताना उजव्या हाताला एक बोटभर लांबीची डबी तिरकी ठोकलेली दिसेल, ती मझूझा. आत चामड्यावर लिहिलेली तोरातली, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातली वचनं. गंमत बघा, आजींच्या चौकटीवर मझूझा आहे, आत घोड्याची नाल आहे आणि फ्रीजमागे कॅंडी. मी एकदा विचारलं यातलं नेमकं कोण घर सांभाळतं, तर म्हणाल्या शिफ्ट असतात.

कोणी गेलं की आरसे का झाकतात?

याबाबतीत दोन्हीकडे सारखंच. ज्यू घरात सात दिवस शिवा म्हणजे सुतकासारखं पाळतात तेव्हा आरसे झाकतात. ऑर्थोडॉक्स घरातही झाकतात, शिवाय वोडकाचा एक छोटा ग्लास, त्यावर काळ्या पावाचा तुकडा, गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर चाळीसाव्या दिवसापर्यंत ठेवतात. नववा आणि चाळिसावा दिवस मोठा. अशा घरी गेलात तर झाकलेला आरसा उघडू नका आणि काही विचारू नका.

सगळीकडचे रशियन असंच करतात का? कॅनडात, ऑरेगॉनमध्ये?

अजिबात नाही, आणि इथे लोक फार गल्लत करतात. ऑरेगॉनमध्ये वुडबर्नच्या आसपास ओल्ड बिलीव्हर लोक आहेत. १६५० च्या दशकात रशियन चर्चचा प्रमुख पॅट्रिआर्क निकोन याने पूजेच्या पद्धती बदलल्या, क्रॉस तीन बोटांनी करा म्हटलं, यांनी दोनच बोटं ठेवली आणि तेव्हापासून पळतायत. काही चीनमधून ब्राझीलमार्गे, काही तुर्कस्तानातून, असे १९६० च्या दशकात ऑरेगॉनला पोचले. त्यांच्या घरात शिरलेला पाहुणा आधी आयकॉनच्या कोपऱ्याला नमस्कार करतो, मग माणसांशी बोलतो. बाहेरच्या माणसासाठी भांडी वेगळी. हे ऐकून आपल्याकडच्या सोवळ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला काही समजावून सांगायला लागत नाही!

याच्या उलट मोलोकान, हा रशियन चर्चपासून वेगळा झालेला अजून एक पंथ, जे १९०४ च्या सुमारापासून लॉस एंजेलिसला आले. त्यांच्याकडे आयकॉन नाही, क्रॉस नाही, कोपरा नाही. आणि दुखोबोर, तसाच अजून एक पंथ, १८९९ मध्ये साधारण ७,५०० जण जहाजांनी कॅनडात आले, टॉलस्टॉयने त्यासाठी पैशाची मदत केली होती. त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीत टेबलावर फक्त पाव, मीठ आणि पाण्याचा जग. आयकॉन टाकले, पुजारी टाकले, पण पाव-मीठ सुटलं नाही.

नवीन पिढी हे मानते का?

मानते असं कोणीच म्हणणार नाही. आजींचा नातू कॉम्प्युटरवाला, सगळ्याला हसतो. दोमोवोय त्याला माहितीये तो १९८० च्या दशकातल्या सोव्हिएत कार्टूनमधला, गोंडस, विस्कटलेल्या केसांचा. पण परवा मी त्याला दारात पार्सल द्यायला गेले तर बोलता बोलता एक पाऊल मागे सरकला, मी आत, मग घेतलं. त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय, काय नेऊ?

फुलं न्या पण विषम संख्येत, सम फुलं मयताला. डझन गुलाब म्हणजे घोटाळा, अकरा घ्या. सुरीचा सेट गिफ्ट देऊ नका, दिलाच तर त्यांच्याकडून एक नाणं घ्या म्हणजे तो विकल्यासारखा होतो. पाकीट द्यायचं तर आत एखादी नोट टाकून. बूट दारात काढायचे, पण अनवाणी फिरायचं नाही, ते तापोच्की म्हणजे घरातल्या सपाता देतील, मापाच्या नसल्या तरी घाला. वयस्कर बाईला बाबुश्का, म्हणजे आजी, म्हणून हाक मारू नका, मी मारली होती, महिनाभर बोलल्या नाहीत, नाव आणि वडिलांच्या नावावरून केलेलं नाव असं दोन्ही घ्यायचं असतं.

आणि त्यांनी डब्यात काही दिलं तर डबा रिकामा परत करू नका, यात आपलं आणि त्यांचं शंभर टक्के जमतं. माझा शंकरपाळ्यांचा डबा मशरूमचे पिरोझ्की म्हणजे सारण भरलेले छोटे पाव भरून परत आला होता, मग मी चिवडा दिला, मग खारवलेल्या काकड्यांची बरणी आली, हे सहा वर्षं चालू आहे. सध्या बरणी माझ्याकडे आहे, धुऊन ठेवलीये, आणि लिंबाचं गोड लोणचं मुरायला अजून आठवडा लागेल.